रक्तपट्टिकेचे आकारमान आणि हृदयाचा धोका

गेल्या वर्षी आषाढात, संध्याकाळी सातच्या सुमारास, लॅब बंद करायची तयारी चालली असताना गुरुजी आले. चौथीत त्यांनी मला शिकवले आहे. आता वय चौऱ्याहत्तर, पण अंगकाठी तीच, सडपातळ. छत्री दाराशी टेकवून त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तो माझ्याच लॅबचा रिपोर्ट होता. हिमोग्लोबिन ठीक, पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट ठीक. खालच्या बाजूला एक ओळ होती, 'एमपीव्ही १२.४', आणि तिच्यापुढे ठळक 'एच'. हाय, म्हणजे जास्त.

"हा एच कसला गं?"

"काही नाही गुरुजी, ते यंत्र छापतं."

"यंत्र छापतं, पण सही तुझी आहे."

नातवाने मोबाइलवर शोधून त्यांना वाचून दाखवले होते की प्लेटलेट मोठ्या असल्या तर हार्ट अटॅकचा धोका असतो. त्या दिवसापासून गुरुजी कोणालाही न विचारता रोज ॲस्पिरिनची एक गोळी घेत होते. अकरा दिवस झाले होते. दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते, आणि ते मला एवढेच विचारायला आले होते की गोळी अर्धी केली तर चालेल का.

सव्वीस वर्षे मी ही लॅब चालवते. या काळात हजारो रिपोर्टांवर ही ओळ छापून गेली असेल. तिच्यावर माझी नजर कधी थांबली नव्हती. डॉक्टरही त्या ओळीबद्दल विचारत नाहीत. गुरुजी गेल्यावर मी वाचायला बसले. आधी वाटले, नातवाने काहीतरी भलतेच वाचले असणार. पण तो चुकलेला नव्हता. निदान पूर्ण चुकलेला नव्हता, आणि तिथेच खरी अडचण सुरू होते.

प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे डेंग्यूने घरोघरी पोचवला. पावसाळा आला की "किती झाल्या?" हा प्रश्न, पपईच्या पानांचा रस, किवीची फळे, सगळे सुरू होते. पाठ्यपुस्तकात याच प्लेटलेटला रक्तपट्टिका म्हणतात. एक घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात, म्हणजे बोटाला सुई टोचल्यावर येणाऱ्या एका मोठ्या थेंबात कोटीच्या वर. पण सगळे मोजतात ती संख्या. प्रत्येक पट्टिका केवढी आहे, हे कोणी विचारत नाही. एमपीव्ही म्हणजे नेमके तेच, त्या सगळ्या पट्टिकांचे सरासरी आकारमान. ते फेम्टोलिटरमध्ये मोजतात. एका लिटरचे, एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोलिटर. तांबडी पेशी साधारण ९० फेम्टोलिटरची असते, रक्तपट्टिका तिच्या एक दशांश, आठ ते अकराच्या आसपास.

खरे तर ती पेशीही नव्हे. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात. त्यांच्या अंगाचे तुकडे पडून रक्तात येतात, त्या या पट्टिका. त्यांना केंद्रक नसते. सात ते दहा दिवस जगतात आणि संपतात. ही भरपाई करायला शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या पट्टिका तयार करते. त्या मज्जेतल्या पेशींतून येतात हे जेम्स होमर राइट या अमेरिकन डॉक्टरने १९०६ साली दाखवले. त्याआधी १८८२ मध्ये इटलीतल्या तुरीनच्या जुलिओ बिझोझेरोने जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, वाहिनीच्या भिंतीला इजा केली, आणि तिथे सर्वांत आधी काय धावून येते ते पाहिले. तांबड्या पेशी नव्हेत, पांढऱ्याही नव्हेत, तर हे रंगहीन कण. बिझोझेरोच्या आधीही काहींनी ते पाहिले होते, पण बहुतेकांनी कचरा समजून सोडून दिले. गुठळी बांधणारे कारागीर ते हेच, हे त्याने ओळखले.

बोट कापले तर हे काम जीव वाचवते. पण हृदयाच्या रोहिणीत चरबीचा थर साचला असेल आणि एक दिवस तो फाटला, तर पट्टिकांना ती जखमच वाटते. त्या तिथेही तितक्याच इमानाने धावतात आणि गुठळी बांधतात. रोहिणी बंद होते. हार्ट अटॅक म्हणजे बहुतेक वेळा हेच. म्हणून ॲस्पिरिन. पट्टिका एकमेकींना हाक मारण्यासाठी थ्रॉम्बॉक्झेन नावाचे रसायन सोडतात. ते बनवणारे एन्झाइम ॲस्पिरिन कायमचे बंद पाडते, आणि केंद्रक नसल्याने पट्टिकेला ते नव्याने बनवता येत नाही. ती मरेपर्यंत मुकी राहते. एवढीशी गोळी रोज एकदा पुरते ती त्यामुळे. हे कोडे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडले आणि १९८२ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. गुरुजींच्या हिरड्यांतून रक्त का येत होते, याचेही उत्तर यातच आहे.

आता आकाराकडे. मोठी पट्टिका ही नुसती फुगलेली पट्टिका नसते. तिच्यात रसायनांच्या पुरचुंड्या जास्त असतात, थ्रॉम्बॉक्झेन ती जास्त बनवते, आणि चिकटण्यासाठी लागणारे पृष्ठभागावरचे रेणूही तिच्याकडे अधिक असतात. थोडक्यात, ती जास्त तापट असते. मग ज्यांच्या रक्तात अशा पट्टिकांचे प्रमाण जास्त, त्यांना गुठळीचा धोका जास्त असेल, हा तर्क सरळ आहे.

तो पडताळून पाहणाऱ्यांत इंग्लंडचे जॉन मार्टिन आणि त्यांचे सहकारी ठळक आहेत. १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या सतराशेवर पुरुषांच्या पट्टिकांचा आकार त्यांनी मोजला, तोही अटॅकनंतर सहा महिन्यांनी, आणि दोन वर्षे वाट पाहिली. ज्यांना पुन्हा अटॅक आला किंवा जे दगावले, त्यांच्या पट्टिका सरासरीने मोठ्या होत्या. हे सहा महिने महत्त्वाचे आहेत. अटॅकच्या दिवशी मोजले असते तर कोणीही म्हणाले असते की गुठळीत जुन्या पट्टिका खर्च झाल्या, मज्जेने घाईघाईने नव्या पाठवल्या, आणि नव्या नेहमीच मोठ्या असतात. म्हणजे मोठा आकार हा रोगाचा परिणाम, कारण नव्हे. सहा महिन्यांत पट्टिकांच्या अठरा-वीस पिढ्या होऊन जातात. तरी आकार मोठाच राहिला होता.

पुढे असे निबंध ढिगाने आले. २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तिच्यात हार्ट अटॅक आलेल्यांचा एमपीव्ही इतरांपेक्षा सरासरीने जवळजवळ एका फेम्टोलिटरने जास्त दिसला, आणि अटॅकनंतर मृत्यूची शक्यता मोठ्या पट्टिका असलेल्यांत दीडपटीहून थोडी अधिक. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहराच्या लोकसंख्येवरील दीर्घ पाहणीत पायाच्या शिरांतल्या गुठळ्यांशीही संबंध सापडला. मधुमेहात, विशेषतः साखर आटोक्यात नसताना, पट्टिका मोठ्या असतात हे अनेक देशांत दिसले. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी २०१२ साली ३०० मधुमेही आणि ३०० मधुमेह नसलेल्या माणसांची तुलना छापली. सरासरी निघाली ८.२९ आणि ७.४७. लठ्ठ माणसांतही आकार जास्त आढळला, आणि वजन उतरल्यावर तो कमी झाल्याची नोंद तुर्कस्तानातून आहे. (या विषयावर तुर्कस्तानातून इतके निबंध आले आहेत की वाचताना मला तिथल्या इस्पितळांची नावे पाठ होऊ लागली.)

मधुमेहात असे का व्हावे? रक्तातली साखर वाढली की पट्टिका पाणी ओढून थोड्या फुगतात, हे एक कारण सांगितले जाते. दुसरे अधिक पटण्याजोगे आहे. रोहिण्यांच्या अस्तराला सतत बारीक सूज असते, पट्टिका लवकर खर्च होतात, आणि सुजेचे निरोप मज्जेपर्यंत पोचून तिथून तरुण, मोठ्या पट्टिका बाहेर पडत राहतात. तसे असेल तर पट्टिकेचा आकार हा वाहिन्यांच्या आत चाललेल्या धुमसण्याचा धूर आहे.

इथपर्यंत वाचून मला वाटले, गुरुजींना घाबरायचा हक्क आहे आणि मी सव्वीस वर्षे झोपले होते. मग मी आमच्या यंत्राकडे वळले.

हा आकडा येतो कुठून? वॉलेस कोल्टर नावाच्या अमेरिकन माणसाने शिकागोत एक साधी युक्ती शोधली. १९५३ मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. मिठाच्या पाण्यात एक बारीक छिद्र ठेवायचे, त्यातून वीज सोडायची, आणि रक्त पातळ करून छिद्रातून ओढायचे. पेशी वीज नीट वाहू देत नाही. ती छिद्रातून जाताना क्षणभर अडथळा होतो. किती वेळा अडथळा झाला, ती संख्या. केवढा झाला, ते आकारमान. वेशीच्या अरुंद दारातून जनावरे सोडावीत आणि दार किती अडले त्यावरून शेळी की म्हैस ते ओळखावे, तसे. पहिले छिद्र त्याने सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला पाडले होते असे सांगतात.

म्हणजे पट्टिका मोजताना तिचा आकार आपोआपच मिळतो. त्यासाठी वेगळा खर्च नाही, वेगळे रसायन नाही, वेगळी सुई नाही. एमपीव्ही प्रत्येक रिपोर्टवर छापला जातो तो कोणी मागितला म्हणून नव्हे, फुकट मिळतो म्हणून. आणि त्यावर एवढे निबंध निघतात त्याचेही एक कारण, माझ्या मते, हेच आहे. इस्पितळातल्या जुन्या रिपोर्टांत तो आयता पडलेला असतो. कुठल्याही आजाराच्या रोग्यांचे कागद काढा, सरासरी काढा, निबंध तयार.

पण फुकटच्या मालाची प्रत पाहावी लागते. सीबीसीसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये घेतात. आमच्या धंद्यात या नळीला बल्बच म्हणतात. त्यात ईडीटीए नावाचे रसायन असते, रक्त गोठू नये म्हणून. या रसायनात पट्टिका हळूहळू आकार बदलते. मुळात ती बशीसारखी चपटी असते, ती चेंडूसारखी गोल होत जाते, आणि छिद्राच्या पद्धतीवर चालणाऱ्या यंत्राला मोठी दिसू लागते. हे पुस्तकात वाचले होते. किती, ते पाहिले नव्हते. एका रविवारी मी माझेच रक्त काढले आणि तोच बल्ब दिवसभर पुन्हा पुन्हा यंत्राला लावला. पंधरा मिनिटांनी ९.२. दोन तासांनी ९.९. सहा तासांनी १०.२. दुसऱ्या दिवशी सकाळी १०.६.

एका रविवारात माझ्या हृदयाचा धोका काही वाढला नव्हता. पण आकडा जवळजवळ दीड फेम्टोलिटरने चढला होता. हार्ट अटॅक आलेले आणि न आलेले यांच्यातला सरासरी फरक एकाहून थोडा कमी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या तेरा हजार लोकांत मधुमेही आणि इतर यांच्यातला फरक तर ८.२० आणि ८.०६ एवढाच होता. रोगाने पडणारा फरक बल्ब टेबलावर पडून राहण्याने पडणाऱ्या फरकापेक्षा लहान आहे.

गुरुजींचा बल्ब कुठे होता, ते मी नोंदवहीत शोधले. रक्त सकाळी साडेसहाला त्यांच्या वाडीवर घेतले होते. पावसाने ओढ्यावर पाणी आले, सॅम्पल आणणारा मुलगा अडकला, लॅबमध्ये पोचला तेव्हा वीज गेलेली. यंत्राला बल्ब लागला तेव्हा एक वाजत आला होता. रिपोर्टवर याचा मागमूस नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावून माझ्या समोर रक्त घेतले आणि वीस मिनिटांत लावले. १०.९. एच गेला.

बरे, वेळ पाळली तरी प्रश्न सुटत नाही. यंत्रायंत्रांत फरक असतो, त्यामुळे एका लॅबची वरची मर्यादा अकरा तर दुसरीची तेरा. लोह कमी असले किंवा थॅलसेमियाचा वाहकपणा असला तर तांबड्या पेशी खुज्या होतात. यंत्राला त्यातल्या काही मोठ्या पट्टिका वाटतात आणि सरासरी वर जाते. आपल्याकडच्या बायकांत लोहाची कमतरता किती आहे, हे मी सांगायला नको. शिवाय पट्टिकांचा आकार मोठ्या प्रमाणात आईबापांकडून येतो. वेल्लोरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये पश्चिम बंगालमधल्या रक्तदात्यांचा अभ्यास छापला. त्यातल्या बऱ्याच जणांच्या पट्टिका दक्षिण भारतीय दात्यांपेक्षा संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत्या, आणि माणसे ठणठणीत. पट्टिकांची संख्या आणि आकार यांचे नातेच उलटे आहे. कमी असतील तर मोठ्या, जास्त असतील तर लहान. दुसऱ्या टोकाला बर्नार्ड आणि सूलिए या फ्रेंच डॉक्टरांनी १९४८ मध्ये वर्णन केलेला दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे. त्यात पट्टिका राक्षसी असतात, पण चिकटण्याचा एक रेणूच नसल्याने अशा माणसांना गुठळी होण्याऐवजी रक्तस्राव होतो. मोठी म्हणजे घातक, हे समीकरण तिथे पार उलटते.

आणि समजा सगळे बिनचूक मोजले. ३०० आणि ३०० माणसांचा तो अभ्यास घ्या. सरासरीतला फरक ०.८२, पण प्रत्येक गटातल्या माणसामाणसांतला फरकही साधारण तेवढाच. दोन गावांपैकी एका गावच्या पुरुषांची सरासरी उंची दुसऱ्यापेक्षा दोन बोटे जास्त आहे, हे मोजून सिद्ध करता येईल. पण एस.टी.तून उतरलेल्या एका माणसाची उंची पाहून तो कुठल्या गावचा, हे सांगता येणार नाही. संशोधक गावांबद्दल बोलतात. गुरुजींनी ते एस.टी.तून उतरलेल्या माणसाला लावले, आणि तो माणूस ते स्वतःच होते.

म्हणून हा आकडा निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पट्टिकांची संख्या घसरलेली असताना तो मला मदत करतो. संख्या कमी आणि आकार मोठा, तर मज्जा काम करते आहे, पट्टिका बाहेर कुठेतरी नष्ट होताहेत. संख्या कमी आणि आकारही लहान, तर मज्जेकडेच पाहायला हवे. तिथे मी तो वाचते, काच घासून पट्टिका डोळ्यांनी बघते आणि मग बोलते. हृदयासाठी मात्र एका माणसाच्या एका आकड्यावरून आज काहीही ठरवता येत नाही, असे माझे मत आहे. गोळी तर नाहीच. ज्यांना अटॅक आलेला आहे किंवा स्टेंट घातलेला आहे, त्यांचे ॲस्पिरिन वेगळे. त्यांनी ते स्वतःहून बंद करू नये. पण निरोगी म्हाताऱ्यांना रोज ॲस्पिरिन देऊन पाहणारी एक मोठी चाचणी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत एकोणीस हजारांवर लोकांवर झाली, २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. हृदयविकार म्हणावा तसा टळला नाही. मोठे रक्तस्राव वाढले.

गुरुजींना मी आमच्या इथल्या फिजिशियनकडे पाठवले. गोळी बंद झाली. त्यांनी रक्तदाब मोजला, १५८ आणि ९२. साखर कधी पाहिली होती का विचारले तर गुरुजी म्हणाले, "ती काय, काठावर असते." मी तीन महिन्यांची सरासरी साखर केली, ६.८ आली. पुन्हा केली, तेवढीच. मधुमेह. शिंप्याच्या टेपने पोट मोजले तर ९७ सेंटीमीटर. आपल्याकडे पुरुषांची मर्यादा ९० धरतात. हातपाय काटक, म्हणून कोणाला शंका आली नव्हती, मलाही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अशा अंगकाठीबद्दल कित्येक वर्षे सांगत आले आहेत. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. वजन आणि उंचीचे गुणोत्तर दोघांचे अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. त्याच वर्षी ५२ देशांत झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष आले. दक्षिण आशियात पहिला अटॅक सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, बाकीच्या जगापेक्षा पाच-सहा वर्षे आधी. आणि सगळीकडेच धोक्याचा नव्वद टक्के हिशेब नऊ साध्या गोष्टींत बसतो. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातली चरबी, मनावरचा ताण, फळे-भाज्या, व्यायाम, मद्य. त्यांत पट्टिकेचे आकारमान नाही.

गुरुजींची साखर आता ६.३ आहे. सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालतात. परवा आले तेव्हा हिरड्या दाखवल्या आणि म्हणाले, "चुकीच्या एचने मला बरोबर ठिकाणी आणलं म्हणायचं." मग पुढे विचारले, "पण तू तो छापतेस कशाला अजून?"

मी एमपीव्हीची ओळ काढून पाहिली होती. आठवड्यात दोन डॉक्टरांचे फोन आले की तुमचा रिपोर्ट अपुरा दिसतो, दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर चोवीस ओळी असतात, तुमच्या तेवीसच. ओळ परत आली. एच मी सॉफ्टवेअरमधून बंद केला आहे, आणि आता प्रत्येक रिपोर्टवर रक्त किती वाजता घेतले आणि यंत्राला किती वाजता लावले, या दोन्ही वेळा छापते. अजून तरी त्या वेळांबद्दल कोणी काही विचारलेले नाही.